मनुष्यबळ-व्यवस्थापनाचा अभ्यास



गेल्या उन्हाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरीं आला. तो आतां पन्नाशी ओलांडलेला, एका बँकेंत चांगल्या हुद्द्यावर असलेला गृहस्थ आहे; पण माझ्यापुढें अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसतो. मुलगी नुकतीच वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मोकळी झालेली. चहा होतांच त्यानें विषय काढला. "गुरुजी, हिला पुढें दोन वर्षें मनुष्यबळ-व्यवस्थापन शिकावयाचें आहे. आमच्या बँकेंतही त्या नांवाचें खातें आहे. बदल्यांच्या याद्या लावणें आणि वाढदिवसाला शुभेच्छा पाठविणें यांपलीकडे तेथें काय चालतें, तें मला तीस वर्षांत उमगलें नाहीं. माणसांशीं कसें वागावें हें शिकण्यासाठीं का कॉलेजांत दोन वर्षें घालवावयाचीं? आपणच हिची समजूत घाला."

मुलगी कांहीं बोलली नाहीं. पण हा वाद घरांत बरेच दिवस चाललेला असावा, असें तिच्या चेहऱ्यावरून दिसलें. आतां मी पडलों जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्यावर शिक्षकाची सनद घेऊन गिरणगांवांतील मुलांना आयुष्यभर पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, एवढीच माझी विद्या. ज्या विषयाचें नांव माझ्या उमेदीच्या काळीं आमच्या वस्तींत ऐकूंही येत नव्हतें, त्याविषयीं मीं कोणाची काय समजूत घालावी? म्हणून मी तिलाच म्हणालों, "तुझे अभ्यासक्रम आणि मिळतील तीं पुस्तकें मला आणून दे. महिन्याभरानें दोघेही या." तिनें दुसऱ्याच दिवशीं पिशवीभर पुस्तकें आणून दिलीं. त्या महिन्यांत मीं जें वाचलें, आणि वाचतांना मला स्वतःचें म्हणून जें आठवलें, तें आज आपल्यापुढें मांडीत आहें. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां निघणार आहे.

प्रथम नांवाविषयीं. या विषयाच्या इंग्रजी नांवाचें सरकारी भाषांतर 'मानव संसाधन' असें करतात. मला तें कानाला बरें वाटत नाहीं. संसाधन म्हटलें कीं कोळसा, लोखंड, पाणी अशा वापरून संपणाऱ्या वस्तु डोळ्यांपुढें येतात. 'मनुष्यबळ' हा शब्द त्यांतल्या त्यांत बरा, कारण बळ वापरल्यानें वाढतेंही. पण शब्दांचा हा खल बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या कामाचें नांव दर पिढीला बदलत आलें आहे. आधीं लेबर ऑफिसर, मग वेल्फेअर ऑफिसर, मग पर्सोनेल मॅनेजर आणि आतां नुसतें एच. आर. एखाद्या कामाचें नांव इतक्या वेळां बदलावें लागतें, तेव्हां त्या कामाच्या स्वरूपांतच कांहीं तरी न मिटलेलें असतें. तें काय, हें समजण्यासाठीं शंभर वर्षें मागें जावें लागतें.

त्या काळीं मुंबईच्या कापडगिरण्यांत माणसें निवडून कामावर ठेवणारा असा स्वतंत्र अधिकारी नव्हता. होता तो जॉबर. हा खात्यांतील यंत्रांवर आणि माणसांवर देखरेख करणारा मुकादम. पहांटे गिरणीच्या दरवाजाशीं जमलेल्या घोळक्यांतून आज कोणाला आंत घ्यावयाचें, तें तो ठरवी. माणसें तो आपल्या गांवाकडून, आपल्या नात्यागोत्यांतून आणी. त्यांना राहावयास जागा मिळवून देई, अडीअडचणीला व्याजानें पैसे देई, आणि काम दिल्याबद्दल व तें टिकविल्याबद्दल दस्तुरी घेई. बायकांच्या खात्यांत हेंच काम नाईकीण करी. साहेबाला कामगारांची भाषा येत नव्हती आणि कामगारांना साहेबाची. मधला दुवा हा जॉबर. आजच्या पाठ्यपुस्तकांत निवड, नेमणूक, शिस्त, बढती आणि बडतर्फी अशीं जीं निरनिराळीं प्रकरणें असतात, तीं सारीं या एका माणसाच्या मुठींत होतीं. तो नेहमीं वाईटच असे, असें नाहीं. संपाच्या वेळीं पुष्कळदां तोच कामगारांच्या बाजूस उभा राही. पण त्याच्या निर्णयाला नियम नव्हता आणि त्याच्याविरुद्ध दाद मागावयास जागा नव्हती.

१९२९ सालीं हिंदुस्थानांतील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक शाही कमिशन नेमलें गेलें. त्याचे अध्यक्ष व्हिटले, म्हणून तें व्हिटले कमिशन. सभासदांत आपले ना. म. जोशी होते. या कमिशनचा अहवाल १९३१ सालीं बाहेर पडला. कामगार नेमण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातीं न ठेवतां त्यासाठीं लेबर ऑफिसर नेमावा, आणि हा अधिकारी मुख्य व्यवस्थापकाखेरीज कोणाच्याही हाताखालीं नसावा, अशी शिफारस त्यांत केलेली आहे.

आपल्या देशांतील आजच्या एच. आर. खात्याचें एक मूळ मला येथें दिसलें, आणि त्याच्या अडचणीचेंही. हा अधिकारी पगार घेणार मालकाचा. पण त्याची नेमणूक सुचविली गेली ती कामगाराला जॉबरच्या जांचांतून सोडविण्यासाठीं. मग तो कोणाचा? पुढें १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें पांचशें किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कल्याण-अधिकारी, नेमणें सक्तीचें केलें. त्याच्या कर्तव्यांविषयीं जे नमुना-नियम केले गेले, त्यांत एक मोठें अर्थपूर्ण बंधन होतें. या अधिकाऱ्यानें कामगारांविरुद्धचीं शिस्तभंगाचीं प्रकरणें हाताळूं नयेत, आणि कामगाराविरुद्ध मालकाच्या वतीनें कोर्टांत उभें राहूं नये. नियम करणाऱ्यांना ती अडचण चांगली ठाऊक होती, असें यावरून दिसतें. प्रत्यक्षांत मात्र सकाळीं कँटीनची तपासणी करणारा आणि दुपारीं आरोपपत्रावर सही करणारा गृहस्थ एकच, असें अनेक ठिकाणीं चाले. आतां १९४८ च्या त्या कायद्याची जागा २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या नव्या संहितेनें घेतली आहे. चार कामगार-संहितांपैकीं ही एक. त्यांचा अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. तींत कल्याण-अधिकाऱ्याची मर्यादा पांचशेंवरून अडीचशें कामगारांवर आणली आहे. म्हणजे या माणसाची गरज कायद्याच्या दृष्टीनें कमी झालेली नाहीं. उलट वाढली आहे.

हा विषय शिकविणाऱ्या संस्थांकडे पाहिलें तरी तेंच दुहेरी मूळ दिसतें. मुंबईंत १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें एक पदव्युत्तर विद्यालय निघालें. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शर्ड हे अमेरिकन गृहस्थ. ते १९२६ पासून नागपाड्याच्या गरीब वस्तींत एक सेवाकेंद्र चालवीत होते, आणि विद्यालयाचा आरंभही नागपाड्यांतच झाला. १९४४ सालीं त्याचें नांव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असें झालें; १९५४ सालीं तें देवनारला गेलें, आणि १९६४ सालीं त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या ठिकाणीं कामगार-कल्याण हा विषय समाजकार्याच्या पोटीं जन्मला. बालगुन्हेगार, रुग्ण, निराधार यांच्याबरोबर गिरणीकामगार हाही अभ्यासाचा विषय. आणि अभ्यास म्हणजे वस्तींत जाणें. पुढें त्या शाखेचें 'पर्सोनेल मॅनेजमेंट व औद्योगिक संबंध' असें नांव झालें, आणि आतां त्यांत मनुष्यबळ व कामगार-संबंध हे दोन्ही शब्द आहेत. परळला १९४७ सालीं सरकारनें काढलेली बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नांवानें चालते. जमशेदपूरला जेझुइट पाद्र्यांनीं १९४९ सालीं काढलेली संस्थाही पोलादाच्या कारखान्यांच्या शेजारीं कामगार-संबंधांसाठींच निघाली होती.

दुसरी परंपरा व्यापारशिक्षणाची. तींत विद्यार्थी आधीं हिशेब, विक्री, भांडवल, उत्पादन हें सारें शिकतो आणि दुसऱ्या वर्षीं मनुष्यबळ ही एक शाखा निवडतो. या परंपरेला मी कमी लेखीत नाहीं. धंदा कशावर चालतो हें न कळणारा अधिकारी कामगारांचेंही कांहीं भलें करूं शकत नाहीं. परंतु पहिल्या परंपरेंत माणूस आधीं दिसतो आणि धंदा मागाहून; दुसरींत उलट. आपल्या मुलाला वा मुलीला यांपैकीं कोणत्या दारानें आंत जावयाचें आहे, हें घरांत आधीं बोलून घ्यावें. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कल्याण-अधिकाऱ्याच्या जागेसाठीं कोणती पदवी चालते, हें सरकारी नियमांनीं ठरलेलें असतें. नांवांत मनुष्यबळ असलेली प्रत्येक पदवी त्या कामीं चालतेच असें नाहीं. फी भरण्यापूर्वीं हें लेखी विचारावें. पुष्कळ पालक वसतिगृहाची आणि जेवणाची चौकशी कसून करतात, पण हें विचारीत नाहींत.

आतां प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळूं. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा भाग बराच मोठा आहे. अमेरिकेंत शिकागोजवळ हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यांत १९२४ ते १९३२ या काळांत झालेले प्रयोग प्रत्येक पुस्तकांत आहेत. दिव्यांचा उजेड वाढविला तरी काम वाढलें, कमी केला तरी वाढलें. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेचाच तो परिणाम, असें अनुमान त्यावरून काढलें गेलें. पुढील पंडितांनीं त्या अनुमानावर पुष्कळ शंका घेतल्या आहेत. मला त्यापेक्षां आपल्या शेजारची अहमदाबादची गोष्ट अधिक भावली.

अहमदाबादच्या कॅलिको मिलनें १९५२ सालीं एका शेडमध्यें नवे स्वयंचलित माग बसविले. माग २२४, त्यांवर माणसें २९. कामाचे बारा प्रकार पाडून ज्याचें त्याला नेमून दिलेलें. एकानें तुटलेला धागा जोडावयाचा, दुसऱ्यानें बॉबिन भरावयाच्या, तिसऱ्यानें तेल घालावयाचें. प्रत्येकाच्या वांट्याला मागांची निराळी संख्या आलेली. कागदावर ही योजना निर्दोष होती. पण उत्पादन अपेक्षेप्रमाणें निघेना आणि कापडांत दोष फार येऊं लागले. १९५३ सालीं लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे राइस नांवाचे संशोधक तेथें आले. त्यांना यंत्रांत कांहीं चूक दिसली नाहीं. त्यांना दिसलें तें असें, कीं या एकोणतीस माणसांत 'आपलें' म्हणतां येईल असें कोणाचेंच कांहीं नव्हतें. त्यांनीं सुचविलें तें साधें होतें: सात माणसांचा एक गट करावा, त्याच्याकडे चौसष्ट माग सोंपवावे, आणि त्या मागांचें सर्व काम त्या सातांनीं आपसांत वांटून घ्यावें. ही कल्पना कामगारांनीं आणि देखरेख करणाऱ्यांनीं इतक्या झपाट्यानें उचलली, कीं गटांत कोण कोण असावें हें त्यांनींच जुळवून आणलें. कांहीं काळ घोटाळ्यांत गेल्यावर उत्पादन चढलें आणि खराब कापड घटलें. ज्यांना वर्ग सांभाळण्याची संवय आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. चाळीस मुलांना चाळीस कामें वांटून देणारा मास्तर दमतो. सातांच्या टोळीला बागेचा एक वाफा देऊन पाहावा. पण मास्तर हें अंदाजानें करतो, आणि येथें तें मोजून दाखविलेलें आहे. मोजून दाखविणें हाच अंदाज आणि अभ्यास यांमधला फरक.

मोजण्यावरून आठवलें. वेतनाच्या प्रकरणांत गणित आलें, आणि गणित दिसलें कीं मास्तराचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. १९५७ सालीं दिल्लीला पंधरावी भारतीय श्रमपरिषद भरली होती. तींत सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींनीं मिळून किमान वेतन कसें काढावें याची रीति ठरविली. कुटुंबांत खाणारीं तोंडें तीन धरावीं: कामगार स्वतः एक, बायको ०.८ आणि दोन मुलें प्रत्येकीं ०.६. प्रत्येक पूर्ण तोंडामागें दिवसाला २,७०० उष्मांकांचें अन्न. माणशीं वर्षाला अठरा वार कापड, म्हणजे चौघांना बहात्तर वार. त्यावर घरभाडें. जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठीं वेतनाचा पांचवा हिस्सा. पुढें १९९१ सालीं सुप्रीम कोर्टानें मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठीं आणखी पंचवीस टक्के धरावे असें सांगितलें. "बायकोला ०.८ कां?" असें त्या मुलीनें मला मागाहून विचारलें. मीं तिला सांगितलें, कीं तो प्रश्न वर्गांत विचार. अशा प्रश्नासाठींच तर दोन वर्षें तिकडे जावयाचें.

दुसरें गणित उपदानाचें, ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात. नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचें वेतन, असा नियम १९७२ च्या कायद्यापासून आहे, आणि नव्या संहितेंतही तो कायम आहे. समजा, एखाद्याचें महिन्याचें वेतन २६,००० रुपये आणि नोकरी वीस वर्षांची. आपण पटकन् तिसानें भागूं; पंधरा दिवसांचे १३,००० आणि वीस वर्षांचे २,६०,००० होतील. पण कायदा तिसानें भागीत नाहीं, सव्विसानें भागतो. मग पंधरा दिवसांचे होतात १५,००० आणि एकूण ३,००,०००. चाळीस हजारांचा फरक. सव्वीसच कां? कारण महिन्याच्या तीस दिवसांतून चार रविवार सुटीचे; माणूस वेतन कमावतो तें सव्वीस दिवसांत. १९८० सालीं सुप्रीम कोर्टानें हें मान्य केलें आणि पुढें तें कायद्यांतही घातलें गेलें. आणि मुंबईच्या गिरण्यांत हा रविवार आला कोठून? जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षें सभा आणि अर्ज यांचा पाठपुरावा केला. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. आज एखाद्या कचेरींत संगणकावर कोणी २६ हा आंकडा टाकतो, तेव्हां तो त्या रविवारांचा हिशेब करीत असतो. टाकणाऱ्याला तें ठाऊक असावें, म्हणूनही अभ्यासक्रमांत इतिहास हवा. कित्येक ठिकाणीं आतां तो दोन तासांत उरकतात असें ऐकतों, तें मला पसंत नाहीं.

निवडीचीं शास्त्रें, मुलाखतीच्या रीति, प्रशिक्षण, कामाचें मूल्यमापन यांचींही प्रकरणें आहेत. त्यांच्या तपशिलांत येथें जात नाहीं. एवढेंच सांगतों, कीं गप्पांच्या ओघांत घेतलेल्या मुलाखतीपेक्षां सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत अधिक भरंवशाची ठरते, असें संशोधन सांगतें. ज्याला आपल्या नजरेची पारख मोठी वाटते, त्याला हें वाचून राग येतो. मलाही आला होता.

ज्या प्रकरणानें मला झोप लागूं दिली नाहीं, तें खातेचौकशीचें. कामगारावर आरोप असेल तर तो स्पष्ट शब्दांत लेखी द्यावा, उत्तराला मुदत द्यावी, साक्षीदार त्याच्यासमोर तपासावे, त्यालाही प्रश्न विचारूं द्यावे, आणि आरोप करणाऱ्यानेंच न्याय देऊं नये. चौकशी चालू असतां त्याला दूर ठेवावयाचें असेल, तर पहिले नव्वद दिवस अर्धें वेतन आणि विलंब त्याच्यामुळें नसेल तर पुढें पाऊण वेतन. शिस्तीचे हे स्थायी नियम कारखान्यांत इंग्रजींत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेंतही लावलेले असावे, असें १९४६ च्या कायद्यानें सांगितलें होतें. पुस्तकांत हें अडीच पानांत आहे. तें मीं वाचलें आणि मला १९८१ सालचा एक गुरुवार आठवला.

मी तेव्हां बाविशींतला नवा मास्तर होतों. तिसरीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील शाळा सुटल्यावर आले. ते एका गिरणींत विणकर होते. गिरणीचें नांव मी घेत नाहीं. त्यांच्या हातांत टंकलिखित इंग्रजी पत्र होतें. "मास्तर, सही करून घेतली आणि दिलं. काय आहे बघा." माझ्यापुढें सहामाहीच्या पेपरांचा ढीग होता. मीं पत्र हातीं घेतलें, वरवर पाहिलें. रजेविषयीं कांहीं असावें असें वाटलें. मी म्हणालों, "रविवारीं सकाळीं या, सवडीनें वाचूं." ते बरें म्हणून गेले. रविवारीं मीं तें शब्दकोश घेऊन वाचलें. तें आरोपपत्र होतें. माग सोडून गेल्याचा आणि वरिष्ठांशीं उद्धटपणें बोलल्याचा आरोप. खुलासा करावयाचा असल्यास तीन दिवसांत करावा, न केल्यास कांहीं म्हणणें नाहीं असें समजण्यांत येईल. मुदत शनिवारीं संपलेली होती.

आम्हीं दोघांनीं मिळून सोमवारीं मराठींत अर्ज लिहिला. तो घेतला गेला कीं नाहीं, हें मला समजलें नाहीं. चौकशी झाली, ते गप्प बसून राहिले, आणि दिवाळीनंतर त्यांना कामावरून काढलें. उत्तर वेळेवर गेलें असतें तर नोकरी राहिली असती, असें मी म्हणत नाहीं. पण त्या माणसाचा एकमेव प्रश्न, 'काय आहे बघा', हा होता आणि तो मीं तीन दिवस पुढें ढकलला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसें बाहेर पडलीं, आणि माझ्या हजेरीपटावरील नांवें एकामागून एक कमी होऊं लागलीं. पण या मुलाचें नांव त्याआधींच कमी झालें होतें. शेऱ्याच्या रकान्यांत मींच लिहिलें, 'गांवीं गेला.'

महिन्याभरानें बापलेक आले, तेव्हां मीं त्यांना हें सारें सांगितलें. माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, तो माझ्याच बाकावर बसायचा. गांवाला गेला, एवढंच तुम्ही आम्हांला सांगितलं होतं." त्यानंतर त्यानें मुलीच्या प्रवेशाविषयीं मला एकही प्रश्न विचारला नाहीं. प्रश्न तिनें विचारला. "गुरुजी, तें पत्र लिहिणारा माणूस हाच विषय शिकलेला असेल ना?"

असेल, असें मीं सांगितलें. निदान त्याच्या वरिष्ठाची तरी तशी पदवी असेल. पत्रांत बेकायदेशीर असें मला त्या वेळीं कांहीं दिसलें नव्हतें, आणि आजच्या वाचनानंतरही तीन दिवसांची मुदत अगदींच अपुरी म्हणतां येईल कीं काय, हें एखादा वकीलच सांगूं शकेल. म्हणून संस्था निवडतांना पालकांनीं एक गोष्ट विशेष पाहावी, असें मी सुचवितों. विद्यार्थ्याला दोन वर्षांत प्रत्यक्ष कामाच्या जागीं किती दिवस पाठवितात, आणि तेथें तो कोणाच्या शेजारीं बसतो? जुन्या परंपरेच्या संस्थांत हें क्षेत्रकार्य अभ्यासाचा कणा मानलें जातें. त्याची रोजनिशी लिहावी लागते आणि ती अध्यापकापुढें ठेवून चर्चा होते. कांहीं ठिकाणीं मात्र उन्हाळ्यांत दोन महिने एखाद्या थंड कचेरींत बसवून तक्ते भरून घेतात आणि त्यालाच प्रात्यक्षिक म्हणतात.

शिवाय आज कामाच्या जागीं जॉबर नव्या रूपानें परत आलेला आहे. कचेरीचा रखवालदार, झाडूवाली बाई, सामान पोंचविणारा मुलगा हे पुष्कळदां त्या कंपनीचे नोकर नसतातच. ते ठेकेदाराचे असतात, आणि त्यांची नोंद एच. आर. खात्याच्या वहींत सांपडत नाहीं. दुसऱ्या टोकाला, शिकलेल्या उमेदवारांचे अर्ज चाळण्याचें काम अनेक कंपन्यांनीं संगणकाकडे दिलें आहे. दरवाजाशीं उभा राहून कोणाला आंत घ्यावें हें तोही ठरवितो, आणि त्याच्याकडेही दाद मागतां येत नाहीं. हे दोन्ही विषय अभ्यासक्रमांत आहेत का, तेंही पाहावें.

मुलीला प्रवेश मिळाला. जूनपासून ती जात आहे, आणि आठवड्यांतले दोन दिवस तिला एका कारखान्यांत पाठवितात. गेल्या महिन्यांत एका रविवारीं ती एक कागद घेऊन आली. तेथील सफाई-कामगारांना द्यावयाच्या नोटिशीचा मराठी मसुदा तिला करावयास सांगितला होता. इंग्रजीवरून कोणीं तरी केलेलें भाषांतर तिच्यापाशीं होतें: 'आपणांस एतद्द्वारे निलंबित करण्यांत येत असून', अशी त्याची सुरुवात. ती म्हणाली, "गुरुजी, हें त्यांना समजेल का?" मीं शेजारच्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाईंना हांक मारली आणि तें वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "काय तरी बक्षीस हाय का?"

मग आम्ही दोघे तासभर बसलों. 'निलंबित' काढून 'चौकशी संपेपर्यंत कामावर येऊं नये, या काळांत अर्धा पगार मिळेल' असें लिहिलें. आरोप दोन ओळींत, तारीख आणि वेळेसह. उत्तर स्वतः लिहितां येत नसेल तर कोणाकडून लिहून आणलें तरी चालेल, ही ओळ तिनें आपल्या मनानें घातली. उत्तर देण्याची शेवटची तारीख मसुद्यांत अगदीं तळाशीं होती. ती मीं तेथून उचलून पहिल्या ओळींत घ्यावयास सांगितली, आणि तिच्याखालीं रेघ मारविली.